कच्चा बळी आणि घाईचा डाव

बुद्धिबळाविषयी आपल्या समाजात दोन समज फार दिवसांपासून रूढ आहेत. हा खेळ रिकामटेकड्यांचा आहे, हा त्यांतील पहिला. आणि तो केवळ असामान्य बुद्धीच्या माणसांचा आहे, हा दुसरा. सुदैवाने हे दोन्ही समज आता मावळत चालले आहेत. चाळीसगावासारख्या तालुक्याच्या गावीही मुले व मुली पट मांडून बसलेली दिसतात, पटाशेजारी दोन तोंडांचे घड्याळ ठेवतात, आणि पाच-पाच मिनिटांत निकाल लावून पुन्हा नवा डाव मांडतात. ज्यांच्याजवळ पट नाही ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळतात. या उत्साहाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु या घाईच्या डावांबरोबर एक सवयही आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडत आहे, आणि तिच्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ती सवय म्हणजे कच्च्या गॅम्बिटावर विसंबून डाव जिंकण्याची होय.

गॅम्बिट म्हणजे काय, हे प्रथम पालकांसाठी सांगितले पाहिजे. डावाच्या आरंभीच आपले एखादे प्यादे, क्वचित मोठा मोहराही, प्रतिस्पर्ध्यास मुद्दाम मारू द्यावयाचा, आणि तो त्यात गुंतला असता आपले इतर मोहरे भराभर बाहेर काढून त्याच्या राजावर चालून जावयाचे, या युक्तीस गॅम्बिट असे नाव आहे. हा शब्द रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाने बुद्धिबळात रूढ केला. त्याचे मूळ 'पाय' या अर्थाच्या इटालियन शब्दात असून, पायात पाय घालून पाडणे असा त्याचा भाव आहे. आपल्या आखाड्यातील पहिलवान जिला टांग म्हणतात, तीच ही पटावरील टांग. आवळा देऊन कोहळा काढणे ही आपली म्हणही येथे तंतोतंत लागू पडते.

आपल्या आजोबा-पणजोबांस ही युक्ती या स्वरूपात फारशी परिचित नव्हती. याचे कारण त्यांच्या खेळाच्या नियमांत आहे. देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्याही खेळीस एकच घर पुढे सरके. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे आणि डाव सावकाश रंगे. युरोपीय पद्धतीत प्याद्यास आरंभी दोन घरे जाण्याची मुभा असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या खेळीसच चकमक सुरू होते, व म्हणूनच आरंभीच्या बळीस तेथे इतके महत्त्व आले. आज आपली मुले जो खेळ खेळतात, तो या दुसऱ्या पद्धतीचा आहे, हे वडील मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आता बळी दोन प्रकारचे असतात. ज्या बळीच्या मोबदल्यात खेळाडूस खरोखरच वेळ, जागा किंवा राजावरील हल्ला यांपैकी काही भरीव मिळते, तो पक्का बळी. प्रतिस्पर्ध्याने योग्य उत्तर दिले असता ज्यातून काहीच हाती लागत नाही, उलट आपलीच बाजू खालावते, तो कच्चा बळी. दोहोंतील भेद पटावर पाहताक्षणी कळत नाही, आणि घोटाळ्याचे सारे मूळ येथेच आहे.

अशा शंकास्पद बळीचे एक जुने उदाहरण आपल्याच देशातील आहे. सुमारे १८४८ साली कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर होते, आणि त्यांच्याशी मोफसलातून आलेले मोहेशचंद्र बॅनर्जी हे शेकडो डाव खेळत असत. मोहेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले. त्यांच्या खेळाची छाप पुढे 'इंडियन डिफेन्स' या नावाने जगाच्या बुद्धिबळात कायम झाली. त्यांच्याविरुद्ध कॉक्रेन कधी कधी एक विलक्षण खेळी करीत. राजापुढील प्यादे मारून बसलेल्या त्यांच्या घोड्यास मोहेशचंद्रांनी हटकले, की घोडा मागे घेण्याऐवजी ते तो सरळ काळ्या राजाच्या उंटापुढील प्याद्यावर घालीत. राजास तो घोडा मारणे भाग पडे. घोडा तीन प्याद्यांच्या मोलाचा मानतात. कॉक्रेन यांच्या पदरी दोनच प्यादी पडत. परंतु काळा राजा उघड्यावर येई आणि किल्लेकोट करण्याचा त्याचा हक्क जाई. ही खेळी आजही कॉक्रेन यांच्या नावाने ओळखली जाते. ती हिशेबाने पुरी उतरत नाही, असेच बहुतेक जाणकारांचे मत आहे; तरी १९९९ साली लिनारेस येथे टोपालोव्ह यांनी ती क्रामनिक यांच्यासारख्या बलाढ्य खेळाडूविरुद्ध योजिली आणि डाव बरोबरीत सुटला. तेव्हा कच्चा बळी देणारा प्रत्येक जण अडाणी असतो, असे मुळीच नाही.

परंतु आमच्या विद्यार्थ्यांत जो बळी अधिक लोकप्रिय होईल असा आहे, तो याहून पुष्कळच कच्चा आहे. त्यास फ्रिट्झ एंग्लुंड या स्वीडिश गृहस्थाचे नाव मिळाले आहे. १९३२ साली त्यांनी केवळ याच आरंभाच्या डावांची एक स्पर्धा पुरस्कृत केली होती. पट मांडून पुढील खेळ्या करून पाहाव्यात. पांढरा वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवितो. काळा लगेच राजापुढील प्यादे दोन घरे सरकवून ते फुकट देऊ करतो. पांढरा ते मारतो. काळा वजिराच्या बाजूचा घोडा काढून त्या प्याद्यावर नेम धरतो. पांढरा राजाच्या बाजूचा घोडा काढून त्यास जोर देतो. काळा वजीर आपल्या राजासमोर आणून दुसरा नेम धरतो. पांढरा वजिराच्या बाजूचा उंट काढून दुसरा जोर देतो. येथे काळ्याचा वजीर एकदम तिरपा झेपावून शह देतो. शह द्यावयाचा, पांढऱ्याच्या उंटावर नेम धरावयाचा, आणि वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्याद्यावर डोळा ठेवावयाचा, अशी तीन कामे तो एका खेळीत करतो. पांढरा तोच उंट राजाच्या आड घालतो, आणि काळा वजीर ते घोड्यापुढील प्यादे गट्ट करून थेट हत्तीशेजारी येऊन बसतो.

हाच कसोटीचा क्षण. शत्रूचा वजीर आपल्या घरात शिरलेला पाहून नवशिका खेळाडू उंट एक घर पुढे तिरपा घेऊन त्या वजिरावर नेम धरतो. खेळी अगदी स्वाभाविक वाटते, आणि तिनेच डाव जातो. काळा आपला उंट पुढे आणून पांढऱ्या उंटास राजासमोर जखडून टाकतो. पांढरा वजीर मदतीस येतो, उंटांची मारामारी होते, आणि काळा वजीर पहिल्या ओळीत उतरून आठव्या खेळीस मात करतो. याउलट पांढऱ्याने त्या क्षणी उंटास हात न लावता वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढला असता, तर? हत्तीस वजिराचा जोर आहे, घोड्यास उंटाचा जोर आहे, आणि पुढच्याच खेळीस हत्ती एक घर सरकून काळ्या वजिरास पळावयास लावणार आहे. काळ्याने आपले प्यादे परत मिळविले हे खरे. परंतु त्याचा वजीर एकटाच परमुलखात भटकत राहतो आणि तेवढ्या वेळात पांढऱ्याची फौज सज्ज होते. आजचे संगणक हा निर्णय क्षणार्धात सांगतात. म्हणजे एका खेळीवर सारा डाव अवलंबून, आणि ती खेळी शोधण्यास हवा थोडा वेळ.

घाईच्या डावात नेमका तोच नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक खेळाडूस दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असेल, तर तो डाव अतिजलद. दहा मिनिटांहून अधिक पण साठ मिनिटांहून कमी असेल, तर जलद. पाच मिनिटांच्या डावात चाळीस खेळ्या करावयाच्या म्हटल्या, तर एका खेळीस साडेसात सेकंद मिळतात. संथ डावात चाळीस खेळ्यांस दीड तास असला, तर एका खेळीस सव्वादोन मिनिटे पडतात, म्हणजे अठरापट. बळी देणाऱ्याने आपल्या आठ खेळ्या घोकून ठेविलेल्या असतात. त्या तो दहा-पंधरा सेकंदांत करून मोकळा होतो. बिचाऱ्या प्रतिस्पर्ध्यास प्रत्येक उत्तर पटावर बसून शोधावे लागते. तो मातेतून वाचला तरी घड्याळात मागे पडतो. कच्चा बळी घाईच्या डावात का फळतो, याचे गूढ एवढेच आहे.

या प्रकाराविषयी दोन टोकांची मते आमच्या कानी येतात. काही पालक व शिक्षक म्हणतात की, हे घाईचे डाव आणि हे सापळे मुलांस सर्वथा बंद करावेत. यांनी विचाराची खोली जाते व उथळपणा वाढतो. काही विद्यार्थी म्हणतात की, जिंकणे ते जिंकणे. घड्याळ हाही खेळाचाच भाग आहे, आणि जो सापळ्यात सापडला त्याचा दोष त्याच्या अज्ञानास.

पहिले मत आम्हांस मान्य नाही. थोड्या वेळात निर्णय घेण्याची शक्ती ही हलकी गोष्ट नव्हे. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख आणि अनुभवी कोनेरू हंपी यांचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले, आणि चषकाचा निकाल लागला तो जलद डावांनीच. दिव्याने तो चषक जिंकला व त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. तेव्हा घाईचा डाव हा केवळ पोरखेळ आहे, असे कोणी म्हणू नये. गॅम्बिटापासूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्याद्याहून वेळ मोलाची असू शकते, मोहरे घरात बसवून ठेवण्यासाठी नसतात, आणि हाती असलेले सोडल्यावाचून काही वेळा नवे मिळत नाही, हे धडे गॅम्बिट जितके चांगले शिकविते तितके दुसरे काही क्वचितच शिकवील.

दुसऱ्या मतातही सत्यांश आहे. पटावर काहीच लपलेले नसते. दोघांसही सारे सारखेच दिसते. म्हणून सापळा लावणे ही लबाडी आहे असा आरोप आम्ही करणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. कच्च्या बळीने सर्वांत अधिक नुकसान होते ते जिंकणाऱ्याचे.

गणिताच्या तासाला ज्यास 'उत्तर बरोबर, रीत चूक' म्हणतात, त्यासारखाच हा प्रकार होय. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरात पाटणादेवीचे स्थान आहे. तेथील शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो लेख विद्वानांपुढे मांडला. ज्या भूमीत 'लीलावती'चे अध्ययन व्हावे म्हणून मठ उभारला गेला, तेथील विद्यार्थ्यास रितीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. चुकीच्या रितीने एखादे उदाहरण सुटते. परंतु आकडे बदलले की तीच रीत तोंडघशी पाडते. एंग्लुंडच्या बळीने आठ खेळ्यांत मात करणारा विद्यार्थी पुढच्या वर्षी जळगावच्या किंवा धुळ्याच्या स्पर्धेत जातो. समोरचा खेळाडू शांतपणे घोडा बाहेर काढतो. आणि आमच्या विद्यार्थ्यास नवव्या खेळीपासून पुढे काय करावे हे ठाऊक नसते. कारण नववी खेळी त्याने कधी खेळलेलीच नसते.

याहूनही एक सूक्ष्म हानी आहे. ज्याचा विजय दुसऱ्याच्या अज्ञानावर उभा आहे, त्यास दुसरा शहाणा झालेला परवडत नाही. तो हळूहळू आपल्याहून दुबळे प्रतिस्पर्धी शोधू लागतो. पाचवीतील नवा मुलगा आठ खेळ्यांत हरून पट मिटून जातो, पुन्हा फिरकत नाही. आणि जिंकणाऱ्यास त्याचे काहीच वाटेनासे होते. शाळेत खेळ ठेवतो तो सोबत्यांबरोबर वाढण्यासाठी. सोबती न वाढण्यातच ज्याचे हित गुंतले, त्याचा खेळ शाळेच्या हेतूशीच विसंगत झाला.

मग कच्चा बळी खेळावा की न खेळावा? आमचे मत असे की, घाईच्या डावात तो अवश्य खेळावा. परंतु त्याचे खंडन आपणांस पाठ असेल तरच. या बाबतीत बॉबी फिशर यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९६० साली मार देल प्लाता येथे स्पास्की यांनी राजाच्या गॅम्बिटाने त्यांस हरविले. फिशर यांनी त्या गॅम्बिटाचा कसून अभ्यास केला व १९६१ साली त्याचे खंडन करणारा लेख प्रसिद्ध केला. तेच फिशर १९६३ सालच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत त्याच गॅम्बिटाचा एक प्रकार स्वतः खेळले आणि जिंकले. शस्त्राची धार कोठे बोथट आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्यानेच ते हाती घ्यावे.

आता ज्यांच्यावर असा बळी येतो, त्या विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगतो. पहिली ही की, घाबरून देणगी नाकारू नये. विल्हेल्म स्टाइनिट्झ यांनी १८८६ साली जगज्जेतेपद मिळविले. पटावर आधी काही वरचढपणा असल्याखेरीज हल्ला करण्याचा अधिकारच नाही, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. प्रतिस्पर्ध्याने तो अधिकार नसता हल्ला केला असेल, तर प्यादे घ्यावे आणि त्यास आपले म्हणणे सिद्ध करू द्यावे. दुसरी गोष्ट, घेतलेल्या प्याद्याचा लोभ धरू नये. योग्य वेळी ते परत देऊन मोहरे बाहेर काढावेत व किल्लेकोट करून राजास सुरक्षित करावे. बहुतेक गॅम्बिटांतील हवा एवढ्यानेच जाते. तिसरी गोष्ट, वेळ सर्व खेळ्यांवर सारखा वाटू नये. जेथे प्रतिस्पर्ध्याने काही फुकट देऊ केले, किंवा त्याचा वजीर एकाएकी आपल्या घरात शिरला, तेथे खुशाल वीस सेकंद थांबावे आणि स्वतःस विचारावे, 'माझी जी खेळी आपोआप सुचते आहे, तीच याला हवी आहे काय?' पुढे साध्या खेळ्या भराभर करून ते वीस सेकंद भरून काढता येतात. हातची मात मात्र परत घेता येत नाही. चौथी गोष्ट, हरल्यावर चिडू नये. डाव पुन्हा मांडून ज्या खेळीस तो फिरला ती हुडकावी. एकदा हुडकलेला सापळा आपणांस पुन्हा पकडीत नाही.

बळी देणाऱ्यांकडून आमची मागणी एकच आहे, आणि ती जड वाटली तरी न्याय्य आहे. सापळ्याने डाव जिंकल्यावर पट उधळण्यापूर्वी हरलेल्या सोबत्यास त्याची योग्य खेळी दाखवून द्यावी. 'घोडा बाहेर काढला असतास तर मी अडचणीत आलो असतो', एवढे एक वाक्य उच्चारावे. असे केल्याने आपले शस्त्र निकामी होईल, अशी भीती ज्यास वाटते, त्याने ओळखावे की त्याच्याजवळ सापळ्यापलीकडे काही नाही. ज्यास ती वाटत नाही, तो खरा खेळाडू. तो शिकविताना स्वतः नवे शोधील, सोबती अधिक बळकट झाला म्हणून त्याचाही खेळ बळकट होईल, आणि पाचवीतील तो मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा पटाशी येईल.

पालकांसही आमची नम्र विनंती आहे. मूल स्पर्धेहून घरी आले की आपण विचारतो, 'जिंकलास की हरलास?' त्याऐवजी केव्हा तरी 'कसा जिंकलास?' असेही विचारावे. बुद्धिबळ येत नसले तरी हरकत नाही. मूल पट मांडून सांगू लागले म्हणजे रीत पक्की की कच्ची, हे त्याचे त्यालाच समजू लागते. आणि आठवड्यातून एक डाव तरी घड्याळावाचून, घरातील वडील माणसाशी, सावकाश खेळू द्यावा. याच गावात कैखुश्रू मूस यांच्यासारख्या कलावंताने घराबाहेर क्वचितच पडून, अनेक दशके एकाग्रपणे छायाचित्रणाची साधना केली. सावकाशीने काय साधते, हे पाहण्यासाठी चाळीसगावच्या मुलांस दूर जावयास नको.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांपुढे शेवटी एक सूचना ठेवतो. पुढील वार्षिक सामन्यांत पाच मिनिटांचे डाव अवश्य असावेत; परंतु त्यांच्या जोडीस संथ डावांचीही एक फेरी असावी, आणि त्या फेरीत प्रत्येकाने आपल्या खेळ्या कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या वह्या वर्गात फिराव्यात. कोणाचा बळी पक्का ठरला, कोणाचा कच्चा, याची मोकळेपणाने चर्चा व्हावी. बक्षीस कोणासही मिळो. ज्याच्या वहीत नववी खेळीही विचाराने खेळलेली दिसेल, त्याचे आम्ही विशेष अभिनंदन करू.